दहा किलोच्या आतलं

६ ऑक्टोबर
रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही, म्हणजे खरं लिहिता येतं.

कालपासून मी कोच आहे. ट्रेनी कोच, पण कोच. जालंधरहून रुपिंदर मॅडम आल्या, पावडरचे डबे आणि वजनाचं मशीन ठेवून गेल्या, आमच्या बैठकीच्या भिंतीवर बॅनर लावला. आमच्या गल्लीतला पहिला हेल्थ क्लब. सकाळी बायका येणार, प्रोटीन शेक पिणार, वजन करणार आणि जो आकडा येईल त्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांनी उमेद वाढते, असं पुस्तिकेत आहे.

फेब्रुवारीत जालंधरला मोठा कार्यक्रम. ज्या ट्रेनीचा स्वतःचा रिझल्ट चांगला, तिला सर्टिफिकेट आणि पक्का क्लब. रिझल्ट म्हणजे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. आधीचा काल काढला, दारात उभी राहून, निळ्या सलवार-कमीजमध्ये. मॅडम म्हणाल्या, पोट आत घेऊ नकोस. मी घेतलंच नव्हतं.

पापाजींनी परवानगी दिली, पण अट घालून. त्यांची बहीण, म्हणजे माझी भुआ, दर रविवारी कॅनडाहून फोन करते. मुलगी बी.ए. होऊन बसलीय, इंग्रजीच्या क्लासला घाला आणि इकडे पाठवा. नकोदरमध्ये आमच्या गल्लीतली निम्मी घरं कुलूपबंद आहेत, उरलेल्यांतली मुलं क्लासला आहेत. मला जायचं नाही. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. शिकलेल्या प्रत्येकानं निघून जायचं तर इथं सुधारणा कुणी करायची? हे मी जेवताना सगळं नीट मांडलं. पापाजी म्हणाले, फेब्रुवारीपर्यंत सुधार. सर्टिफिकेट आणलंस तर राहा. नाहीतर क्लास.

वजन बहात्तर. फेब्रुवारीपर्यंत साठ. चार महिने आहेत. सोपं आहे.

७ ऑक्टोबर
पहिला दिवस. सहा जणी आल्या. डब्यावरचं मी मोठ्यानं वाचून दाखवलं: एका जेवणाऐवजी एक ग्लास, पाण्यातून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पावडर पाण्यात घुसळली आणि ग्लास पुढे केले, तर एकीनंही हात लावला नाही. शेजारच्या गुरमेज चाचीनं ग्लासात वाकून पाहिलं आणि विचारलं, घरात कोण आजारी आहे.

"पाण्यात कालवून आम्ही म्हशीला औषध देतो, सुखलीन," ती म्हणाली. "तिलासुद्धा दोघांनी धरावं लागतं."

मग ती घरी गेली आणि कडीच्या डब्यातून म्हशीचं दूध घेऊन आली. सहाही जणींनी दुधातून प्यायलं. वाईट वाटलं होतं, पण आता विचार केला तर दुधातही प्रोटीन असतंच. म्हणजे आमच्या क्लबात दुप्पट प्रोटीन. मॅडमना आत्ताच सांगायला नको. रिझल्ट दिसला की सांगेन.

१० ऑक्टोबर
मी बायकांची वजनं घेण्यात असते, म्हणून माझा ग्लास आता बीजी करते. माझ्या आईच्या हातात रवी असली की वेगळीच गोष्ट. माझा शेक इतरांपेक्षा दाट होतो आणि वर बारीक पिवळे थेंब तरंगतात. पुस्तिका काढून पाहिली. काही व्हिटॅमिनं पाण्यात विरघळत नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तीच असणार. कंपनीचा माल खरंच चांगला आहे.

एक अडचण. सातला शेक, आठला बीजी पराठे वाढते. मी म्हटलं, माझं जेवण झालं. तिनं विचारलं, कधी? मी म्हटलं, आत्ता, ग्लासभर. ती म्हणाली, ते तर दूध होतं. आमच्या घरात दुधाला खाणं म्हणून कुणी कधी मोजलेलं नाही. जेवून झालं की दूध, आणि दूध प्यायलं की जेवायला बसायचं. मी तिला पूर्ण समजावून सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. तोवर तव्यावर तिसरा पराठा झाला होता. अन्न वाया घालवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

निर्णय: शेक सकाळच्या जेवणाऐवजी नाही, दुसऱ्या एखाद्या जेवणाऐवजी. कुठल्या ते ठरवायचं आहे.

१५ ऑक्टोबर
मशीनवर त्र्याहत्तर. बैठकीची फरशी एका बाजूला उतरती आहे. व्हरांड्यात ठेवून पाहिलं, त्र्याहत्तरच्या वर. गच्चीत नेलं, थोडं कमी आलं. उद्यापासून गच्चीत. पण मनाला पटेना. प्लास्टिकचं मशीन, कोण बनवतं कोण जाणे.

१६ ऑक्टोबर
उपाय डोळ्यांसमोर होता. पापाजी धान्य मंडीतला धर्मकाटा चालवतात, जिथं ट्रकांची आणि ट्रॉल्यांची वजनं होतात. सरकारी सील लागलेला काटा. यापेक्षा खरं वजन कुठं मिळणार?

दुपारी गेले. साळीचा हंगाम, ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. पापाजी म्हणाले, कामाच्या वेळी काय हे. पण एक ट्रॉली उतरली आणि दुसरी चढायच्या आत मी चढले. आमच्या अंगणाएवढा लोखंडी पत्रा, त्याच्या मधोमध मी एकटी. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. केबिनमध्ये लाल आकडा उमटला: सत्तर.

सत्तर! दहा दिवसांत दोन किलो.

पापाजी म्हणाले, बेटा, हा काटा दहा किलोच्या आतलं बोलत नाही. सहासष्ट असलीस तरी सत्तर, चौऱ्याहत्तर असलीस तरी सत्तर. मी म्हटलं, तेच तर हवंय. शंभर-दोनशे ग्रॅममध्ये जीव अडकवून घेणारी माणसंच डाएट सोडतात. मोठं चित्र पाहायचं असतं. केबिनमध्ये आकडे लिहिणारा मुन्शी हॅप्पी कागदात तोंड घालून हसत होता. मंडीतल्या पोरांना आरोग्याचं गांभीर्य नाही.

२६ ऑक्टोबर
व्यायाम सुरू. रोज पहाटे चालत गुरुद्वारा. कामही होतं आणि पुण्यही. परतताना दोन्ही हातांची ओंजळ करून कडाह प्रसाद घ्यायचा. तूप, कणीक, साखर, तिन्ही समसमान, हे मला माहीत आहे. मी अडाणी नाही. पण गुरूच्या घरून ओंजळीत आलेल्या गोष्टीच्या कॅलरी मोजणं हा अहंकार आहे. तो मी मोजणार नाही. प्रसाद वाटणाऱ्या भाईजींना कळलंय की मी आता बायकांना शिकवते. ते मला थोडा जास्त देतात. नाही कसं म्हणणार?

येताना लांबच्या रस्त्यानं आले, म्हणजे तेवढं जिरलं. लांबच्या रस्त्यावर छोलेवाला सकाळीच गाडी लावतो, हे आज पहिल्यांदा कळलं.

२ नोव्हेंबर
मन लागत नाही. सकाळपासून तीनदा योजना बदलली. आधी ठरवलं, शेक फक्त संध्याकाळी. मग वाचलं की सकाळीच हवा. मग वाटलं, दोन्ही वेळा घेतला तर परिणाम लवकर. दुपारी चॉकलेटचा डबा उघडला, बरोबर लागला नाही, व्हॅनिला उघडला. दोन्ही मिसळले. मग गच्चीत जाऊन पंधरा मिनिटं येरझाऱ्या घातल्या. शेजारच्या गच्चीतून गुरमेज चाचीनं विचारलं, काही हरवलंय का.

काटा: सत्तर. घट्ट आहे. हलत नाही. शिस्तीला फळ येतं.

१४ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. क्लबचे आकडे विचारले. मी म्हटलं, सगळ्या स्थिर आहेत. हे खोटं नाही. सगळ्या खुर्चीत बसल्या होत्या.

खरं सांगायचं तर काहींची वजनं थोडी चढलीत. गुरमेज चाचीची बरीच. पण तिचे गाल लाल झालेत, आणि ती म्हणते की गेल्या दहा वर्षांत तिला इतकी भूक लागली नव्हती. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती घरी जाऊन पराठे खाते का, असं मी विचारलं. तिनं उलट मला विचारलं, मग दूध पिऊन माणूस उपाशी राहतं का. बाकीच्या पाचजणी हसल्या. त्यांना सांगितलं की उद्यापासून मी त्यांच्या समोर उदाहरण ठेवणार. माझंच पाहून त्या शिकतील.

२० नोव्हेंबर
या महिन्यात नात्यात तीन लग्नं. लग्नात जेवलं नाही तर मुलीकडचे विचारतात, काय कमी पडलं. कमी काहीच पडलेलं नाही हे दाखवण्यापुरतंच खाल्लं.

८ डिसेंबर
धुकं. समोरचं घर दिसत नाही. या धुक्यात पायी जाणं म्हणजे अंगावर ट्रक ओढवून घेणं. चालणं सुरक्षिततेसाठी बंद. कडाह प्रसाद बीजी घरी घेऊन येते.

बीजीनं पिन्न्या केल्या. कणीक, गूळ, तूप, सुकामेवा, हिवाळ्यात दरवर्षी करतेच. डबा नेमका प्रोटीनच्या डब्यांच्या पुढं ठेवलाय. प्रोटीन काढायचं तर आधी पिन्नीचा डबा बाजूला करावा लागतो, आणि बाजूला करताना झाकण सैल आहे की नाही ते पाहावं लागतं. मी बीजीला म्हटलं, दुसरीकडे ठेव. ती म्हणाली, का? मी झाकण घट्ट लावलं.

१५ डिसेंबर
रविवार. भुआचा व्हिडिओ कॉल. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, "अगं, तू तर खूप छान दिसायला लागलीस."

फोन ठेवल्यावर पापाजींना म्हटलं, बघा, कॅनडातून दिसतंय. पापाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मोजे शोधायला गेले.

भुआनं हेही सांगितलं की जानेवारीपासून क्लासची नवी तुकडी सुरू होते. मी म्हटलं, मला सर्टिफिकेट मिळणार आहे. ती म्हणाली, कसलं. मी सांगितलं. ती म्हणाली, बारीक होण्याचं सर्टिफिकेट देतात? इथं तर तब्येत सुधारायला लोक पैसे देतात. मी वाद घातला नाही. परदेशात राहून माणसाचे विचार मागं पडतात.

२८ डिसेंबर
निळा कमीज घालून पाहिला. 'नंतर'चा फोटो त्याच कपड्यात हवा. बगलेत अडकला. बीजी हिवाळ्यात कपडे गरम पाण्यात भिजवते, सुती कापड आटतं, हे शाळेत शिकवलेलं आहे. तिला समजावलं. ती म्हणाली, आटलं असेल, आण इकडे, आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून मोकळ्या केल्या. आता बरोबर बसतो. म्हणजे मूळ मापाचा झाला.

४ जानेवारी
नवीन वर्षाचे संकल्प: एक, पिन्नी बंद. दोन, शेकनंतर पराठा नाही. तीन, गच्चीत येरझाऱ्या.

५ जानेवारी
पिन्नी बंद करणं एकदम नको. हिवाळ्यात शरीराला धक्का बसतो.

१३ जानेवारी
लोहडी. गल्लीत शेकोटी पेटवली. शेंगदाणे, रेवड्या, गजक, सगळं आधी आगीत टाकायचं आणि मग खायचं. आगीला जे वाहिलं ते प्रसादच. गुरमेज चाचीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं की सुखलीनच्या क्लबमुळे तिचं अंग भरलं आणि गुडघे दुखायचे थांबले. तिचे गुडघे नव्हे, हात दुखायचे, पण असू दे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सवय लागलीय त्यांना.

मुन्शी हॅप्पीचा व्हिसा आला. पुढच्या आठवड्यात निघतो. त्यानं आगीभोवती भांगडा केला. त्याची आई कोपऱ्यात बसून शेंगदाणे सोलत होती, आणि सोललेले दाणे त्याच्याच खिशात भरत होती.

१५ जानेवारी
काटा: ऐंशी.

उतरले. पुन्हा चढले. ऐंशी. एका रात्रीत दहा किलो वाढणं शास्त्रात बसत नाही. थंडीनं लोखंड आकुंचन पावतं, त्यानं काहीतरी झालं असणार. पापाजींना म्हटलं, मशीन बिघडलंय, उद्या शेतकऱ्यांचं नुकसान होईल. पापाजी बाहेर गेले, सरकारी शिक्क्याची वजनं एकेक करून पत्र्यावर ठेवली. आकडा बरोबर आला. ते म्हणाले, इतके दिवस खाली सोडत होता, आज वर धरलाय. दोन्हीत त्याचा काही स्वार्थ नाही.

घरी येऊन कंपनीच्या मशीनवर उभी राहणार होते. त्याची बॅटरी संपलीय. नवीन आणायला विसरले.

२५ जानेवारी
पुन्हा विचार केला. ऐंशी म्हणजे पंचाहत्तरसुद्धा असू शकतं. पंचाहत्तर म्हणजे बहात्तरच्या अगदी जवळ. त्यात थंडीचे कपडे, शाल, जाड मोजे. म्हणजे मी जवळजवळ तिथंच आहे, आणि जिथं होते तिथंच राहणं या मोसमात मोठी गोष्ट आहे. फोटोत आकडे दिसत नाहीत. फोटोत चेहऱ्यावरचं तेज दिसतं. ते आहे.

५ फेब्रुवारी
बीजीनं 'नंतर'चा फोटो काढला. तेच दार, तोच निळा सलवार-कमीज. फोटोत मी थोडी जवळ उभी असावी, म्हणून मोठी दिसते. दार पण छोटं दिसतंय.

दोन्ही फोटो मॅडमना पाठवले. कुठला कधीचा ते लिहिलं नाही. ते तर दिसतंच.

तासाभरानं उत्तर आलं: "वा, काय जबरदस्त फरक! कार्यक्रमात सगळ्यात शेवटी तुला बोलावणार. घरच्यांना आण."

म्हणजे फरक आहे. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांना दिसलं. मला उगाच शंका होती. आज चार वेळा फोटो पाहिला आणि चारही वेळा थोडी बारीक वाटत गेले.

१६ फेब्रुवारी
सगळं लिहिते.

पापाजी काट्यावरून सुट्टी घेऊ शकत नव्हते, हॅप्पी गेल्यापासून ते एकटेच आहेत. म्हणून बीजी, गुरमेज चाची आणि क्लबच्या बाकीच्या पाचजणी टेम्पोनं आल्या. बीजीनं तिचा लग्नातला फुलकारी दुपट्टा घेतला होता. जाताना पापाजी एवढंच म्हणाले, काय होईल ते संध्याकाळी सांग, म्हणजे भुआला एकदाच फोन करतो.

हॉल भरलेला. पडदा, माइक, समोर खुर्च्या. एकेका ट्रेनीचे फोटो यायचे, डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा, आणि टाळ्या. सगळ्यात शेवटी माझं नाव. मॅडमनी आधी माझ्याबद्दल सांगितलं. पहिली ग्रॅज्युएट, कॅनडा नाकारलेली मुलगी, हिवाळ्यात, लग्नसराईत, पिन्न्यांच्या घरात राहून हिनं हे करून दाखवलं. मग फोटो आले.

डावीकडे मी, पाच फेब्रुवारीची. उजवीकडे मी, ऑक्टोबरची.

हॉलमध्ये असा आवाज झाला की मला आधी कळलंच नाही तो कशाचा आहे. टाळ्यांचा होता. मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. मॅडमच्या हातात माझं सर्टिफिकेट, फ्रेम केलेलं. त्यांची चूक नव्हती. ऑक्टोबरपासून आमची गाठ फोनवरच; त्यांनी दोन फोटो पाहिले आणि बारीक होता तो नंतरचा मानला. त्यांच्या जागी कुणीही तेच मानलं असतं.

मी सांगणार होते. हे इथं नोंदवून ठेवते. खोटं सर्टिफिकेट मला नको होतं. पण टाळ्या चालू असताना बोलणं वाईट दिसतं. टाळ्या थांबल्या तेव्हा मॅडम बोलत होत्या आणि मोठ्यांना मध्येच तोडू नये. मग त्यांनी मला हात केला. मी मांडीवरची पर्स उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली, म्हणजे मी उठतच होते.

तेवढ्यात माझ्या शेजारून बीजी उठली.

"नाही, नाही, मॅडम," ती म्हणाली. माइकची तिला गरज पडत नाही. "उलटं लावलंत तुम्ही."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, बसा मांजी, बरोबर आहे.

"अहो, फोटो मी काढलाय. ही वाळकी दिसते ना, ती आधीची. कॉलेज करून घरी आली तेव्हा अशी होती माझी पोर. आणि ही भरलेली, ती आत्ताची. चार महिन्यांत. तुमच्याच डब्यानं."

आणि तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लगेच गुरमेज चाची, मग आमच्या बाकीच्या पाचजणी. आमच्या क्लबात आकडा कुठलाही असो, टाळ्या वाजवायच्या असतात. मीच शिकवलंय. हॉलभर शांतता आणि मधल्या रांगेत सात बायका जीव तोडून टाळ्या वाजवताहेत. बीजीच्या डोळ्यांत पाणी.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या अंगावरच्या त्याच निळ्या कमीजच्या उसवलेल्या शिवणींकडे. सर्टिफिकेट फायलीखाली सरकवलं आणि चहा-समोसे तयार असल्याचं जाहीर केलं. बीजीभोवती मात्र चार-पाच बाया जमल्या. एकीचा मुलगा कॅनडाला निघालाय, जाण्याआधी जरा अंग धरायला हवं, रोज किती चमचे द्यायचे?

परतताना टेम्पोत बीजी माझ्या शेजारी बसली. मग तिनं विचारलं, मॅडम रागावल्या का. मी काही चुकीचं बोलले का.

मी म्हटलं, नाही.

"तीन वर्षं तू पुस्तकं खात होतीस. मी जे करायची ते तुझ्या अंगाला लागत नव्हतं. बस आली की तुझा चेहरा शोधावा लागायचा खिडकीत." तिनं दुपट्टा नीट केला. "त्या नुसत्या पावडरीनं काय होणार होतं? मी रोज तुझ्या ग्लासात दोन चमचे तूप घालत होते. आणि साय. बदाम कुटून."

पिवळे थेंब. मी खिडकीबाहेर पाहिलं. धुकं नव्हतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

रात्री पापाजींना सांगितलं, सर्टिफिकेट नाही मिळालं. बीजीनं बाकीचं सांगितलं, अभिमानानं. पापाजी जेवत होते. त्यांनी रोटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "ती उठली नसती तर तू उठली असतीस?"

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा रोटी उचलली.

१७ फेब्रुवारी
मॅडमचा माणूस आला, बॅनर काढून नेला. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय. गुरमेज चाची सातला दूध घेऊन आली होती. तिला सांगितलं, क्लब बंद. तिनं दूध बीजीला दिलं आणि दोघी नेहमीच्या जागी बसून प्यायल्या.

भुआचा फोन पापाजींनी घेतला. मी आत उभी राहून ऐकत होते. क्लासची फी भरायची का, असं ती विचारत असावी. पापाजी म्हणाले, नको. मग म्हणाले, हॅप्पी गेलाय, केबिनमध्ये माणूस नाही, बटाट्याचा हंगाम डोक्यावर आलाय. मग थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "विचारल्यावर माहीत नाही म्हणणारं माणूस काट्यावर चालतं मला."

मला इथं राहून सुधारणा करायची होती. धर्मकाट्याची केबिन माझ्या योजनेत नव्हती. तिथं पंखासुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी
सकाळी बीजीनं ग्लास ठेवला. तूप घातलंस का, विचारलं. हो म्हणाली. प्यायले. चांगला लागतो.

आठला मंडीत. ट्रॉल्या यायच्या आधी पत्र्यावर मधोमध उभी राहिले. शाल केबिनमध्ये काढून ठेवली होती, मोजेसुद्धा. ऐंशी. काटा बरोबर आहे.

पहिली ट्रॉली बटाट्यांची. ट्रॅक्टर पुढे गेला, ट्रॉली पत्र्यावर थांबली. आकडा लिहायला घेतला तर एक धिप्पाड सरदारजी मालकाच्या वतीनं वर पोत्यांवर आरामात बसलेले. मी केबिनमधून त्यांना खाली उतरायला सांगितलं. ते म्हणाले, राहू दे ना, बहनजी, एवढ्या ट्रॉलीत माझ्या एकट्याच्या वजनानं काय फरक पडतो?

"पडतो," मी म्हटलं. "उतरा."